विमान कंपनी अचानक बंद पडली तर सरकार काय करतं आणि काय करत नाही

२ मे २०२३ रोजी गो फर्स्ट या विमान कंपनीने पुढच्या दोन दिवसांची सगळी उड्डाणं रद्द केली आणि त्याच दिवशी दिल्लीच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज टाकला. शाळांना सुट्टी लागलेली, श्रीनगर-लेहची तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढलेली. अशा वेळी घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत काय किंवा खारघरच्या सेक्टरात काय, पहिला प्रश्न एकच असतो: सरकार काही करणार की नाही?

सरकार करतं. पण जे करतं ते प्रवासी वाहतुकीसाठी. तुमच्या तिकिटाच्या पैशाची हमी भारतात सरकार घेत नाही, तसा कायदा नाही आणि तसा निधीही नाही. हे आधी पक्कं डोक्यात बसलं तर पुढचे दिवस टीव्हीवर मंत्र्यांचं निवेदन ऐकण्यात वाया जात नाहीत.

एका रात्रीत का बंद पडते?

बाहेरून अचानक वाटतं, आतून तसं नसतं. विमान कंपनी भिशीसारखी चालते: आज तिकीट काढणाऱ्याचे पैसे आजच्या इंधनाला जातात, त्याचं विमान उडतं दोन महिन्यांनी. विमानं बहुतेक भाड्याची, भाडं डॉलरमध्ये. भारतात खर्चाचा सर्वात मोठा तुकडा इंधनाचा, साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास. नवीन तिकिटं विकली जाताहेत तोवर हे चक्र फिरतं.

चक्र अडायला लागलं की घटना ठरावीक क्रमाने घडतात. तेलकंपनी उधारी बंद करून 'आधी पैसे, मग इंधन' सुरू करते. विमानतळ चालक लँडिंग आणि पार्किंगचे पैसे रोख मागतात. भाडं थकलेली विमानं मालक जमिनीवर बसवतात, म्हणून उड्डाणं कमी होतात, म्हणून तिकिटविक्री घटते. कार्ड व्यवहार हाताळणाऱ्या बँकेलाही वास लागतो. कंपनी बुडाली तर प्रवाशांचे परतावे आपल्या गळ्यात येणार, हे तिला ठाऊक असतं. म्हणून ती तिकिटांचे पैसे कंपनीला लगेच न देता रोखून धरते. हा घाव बहुधा शेवटचा ठरतो. दुपारपर्यंत विमानं उडत असतात आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या इंधनाचे पैसे नसतात.

जेट एअरवेजचं असंच झालं. मार्च २०१९ मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकाराने बँकांनी कंपनीचा ताबा घ्यायचं आणि १,५०० कोटी रुपये तात्पुरते द्यायचं ठरवलं. ते पैसे आले नाहीत. एप्रिलमध्ये कंपनीने निदान ४०० कोटी तरी द्या म्हणून हात पसरले, तेही नाकारले गेले, आणि १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान जेटचं शेवटचं ठरलं. किंगफिशरचा शेवट मात्र रेंगाळत झाला. संप, थकलेले पगार, आणि २० ऑक्टोबर २०१२ ला परवाना निलंबित.

पहिल्या आठवड्यात दिल्लीत काय हलतं

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, हा नियामक. त्याचं पहिलं पाऊल म्हणजे 'कारणे दाखवा' नोटीस: आगाऊ सूचना न देता उड्डाणं का रद्द केलीत? गो फर्स्टला ही नोटीस त्याच दिवशी गेली. वाचायला कडक वाटते, पण बंद पडलेल्या कंपनीवर तिचा परिणाम फारसा नसतो. दंड भरायला तरी पैसे हवेत.

दुसरं पाऊल जास्त उपयोगाचं: तिकिटविक्री बंद करायचा आदेश. गो फर्स्टला हा आदेश ८ मे रोजी मिळाला. कंपनी बंद असताना संकेतस्थळावर पुढच्या महिन्याची तिकिटं विकली जात राहिली, तर फसणाऱ्यांची रांग रोज वाढते. माझ्या मते हा आदेश पहिल्या चोवीस तासांत निघायला हवा. सहा दिवस म्हणजे फार झाले.

तिसरं परताव्याबद्दल. ४ मे रोजी डीजीसीएने गो फर्स्टला नियमात ठरलेल्या मुदतीत प्रवाशांचे पैसे परत करायला सांगितलं. १० मे रोजी एनसीएलटीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला आणि त्याच क्षणी मोरेटोरियम, म्हणजे वसुलीवर कायदेशीर स्थगिती, लागू झाली. मोरेटोरियम लागला की कंपनी एका धनकोला, म्हणजे तिच्याकडून पैसे येणं असलेल्याला, वेगळं काढून पैसे देऊ शकत नाही, आणि तिकीटधारक प्रवासी हाही एक धनकोच. म्हणजे नियामकाचा परताव्याचा आदेश जेमतेम सहा दिवस जगला. 'सरकारने परतावा द्यायला सांगितलंय' या बातमीवर विसंबून बसलेले इथेच मागे पडले.

चौथं, भाडी. १९९४ पासून विमानभाडी बाजारावर सोडलेली आहेत. एक कंपनी बंद पडली की उरलेल्या विमानांतल्या स्वस्त जागा तासाभरात संपतात आणि मग महागड्या गटातल्या जागाच दिसतात. कुणी बटण दाबून भाव वाढवायची गरजही नसते. गो फर्स्टच्या वेळी मंत्रालयाने कंपन्यांना स्वतःच भाड्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं, एवढंच. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र सरकारने थेट कमाल भाडं ठरवलं. तेव्हा इंडिगो बुडाली नव्हती, पैशाची अडचणही नव्हती. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांप्रमाणे कर्मचारी पुरवता न आल्याने तिचं वेळापत्रक कोसळलं. पण देशातल्या साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी जिच्याकडे, तिचं वेळापत्रक कोसळणं हे एखादी लहान कंपनी बुडण्यापेक्षा मोठं संकट. ६ डिसेंबरला मर्यादा आली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळ शुल्क वेगळं. मुंबई-गोवा पहिल्या टप्प्यात बसतं, मुंबई-दिल्ली तिसऱ्या. रखडलेले परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत द्या आणि हरवलेलं सामान ४८ तासांत घरपोच करा, असेही आदेश निघाले. ते पाळले गेले, कारण कंपनीच्या खात्यात पैसे होते. तोच आदेश ४ मेच्या गो फर्स्टवर का लागू पडला नाही, याचं उत्तर यातच आहे.

कमाल भाडं ठरलं म्हणजे जागा मिळेलच असं नाही. १८ हजारांची मर्यादा आणि विमानात एकही जागा नाही, ही स्थिती सुट्टीच्या दिवसांत सर्रास येते. अशा वेळी रेल्वे जादा डबे आणि विशेष गाड्या सोडते. डिसेंबर २०२५ मध्ये सोडल्या. ठाणे-नवी मुंबईकरांना यात एक फायदा आहे. गोव्याला किंवा कोकणात जायचं असेल तर वंदे भारतसकट बऱ्याच गाड्या ठाणे आणि पनवेलला थांबतात; मुंबईत जायची गरज नाही. तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित वर्गाचं सकाळी दहाला आणि इतर वर्गांचं अकराला. आयआरसीटीसी खात्याला आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ मिळत नाही, आणि ते जोडायला सकाळी नऊ पंचावन्नला बसू नये.

स्लॉट आणि विमानं: खरी लढाई इथे

बातम्यांत भाड्यांची चर्चा होते, पण जागा परत येणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं.

स्लॉट म्हणजे ठरावीक विमानतळावर ठरावीक वेळी उतरण्या-उडण्याची परवानगी. सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळचा स्लॉट म्हणूनच सोन्यासारखा. जेट बंद पडली तेव्हा मुंबई आणि दिल्ली मिळून सुमारे ४४० स्लॉट रिकामे झाले, त्यातले २८० मुंबईतले. सरकारने ते इतर कंपन्यांना तात्पुरते, तीन महिन्यांसाठी दिले. तात्पुरते अशासाठी की जेट पुन्हा उभी राहिली तर तिचे तिला परत मिळावेत. ती उभी राहिली नाही. स्लॉट घेणाऱ्यांनी नवी विमानं आणावीत, असलेलीच इकडून तिकडे फिरवू नयेत, अशी अपेक्षा होती. हे महत्त्वाचं, कारण नागपूरचं विमान काढून दिल्लीला लावलं तर देशातल्या एकूण जागा तेवढ्याच राहतात.

आता २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे, आणि त्याच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. म्हणजे पुढच्या वेळी आपल्याकडे अडचण स्लॉटची नसेल, विमानं आणि वैमानिकांची असेल. पर्यायी तिकीट शोधताना मुंबईसाठी 'बीओएम' आणि नवी मुंबईसाठी 'एनएमआय' असे दोन्ही कोड वेगवेगळे टाकून पाहा. काही ठिकाणी फक्त 'मुंबई' टाकलं तर दुसरा विमानतळ दिसत नाही. आणि तिकीट काढल्यावर कोणता विमानतळ ते पुन्हा वाचा. ठाण्याहून निघून चुकीच्या विमानतळावर पोचलात तर दुसऱ्यापर्यंत वेळेत जाणं जवळपास अशक्य.

विमानांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि सरकारचा सर्वात मोठा गोंधळही इथेच झाला.

विमानं परदेशी भाडेकंपन्यांची असतात. भाडं थकलं तर विमान परत नेता यावं यासाठी केपटाऊन करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारत त्यात २००८ मध्ये सामील झाला. विमान घेतानाच विमान कंपनी मालकाला एक अधिकारपत्र लिहून देते: मी भाडं चुकवलं तर तू भारताच्या नोंदवहीतून विमानाचं नाव काढून घेऊन जा. मालकाने हे पत्र दाखवलं की डीजीसीएने पाच कामाच्या दिवसांत नोंदणी रद्द करायची, असा नियम आहे.

जेटच्या बाबतीत कंपनी एप्रिलमध्ये थांबली आणि दिवाळखोरी प्रक्रिया २० जून २०१९ ला सुरू झाली. मधल्या दोन महिन्यांत मालकांनी विमानं सोडवून घेतली. त्यातली बरीच बोइंग ७३७ स्पाइसजेटने आणि काही 'विस्तारा' या विमान कंपनीने घेतली. शेपटीवरचा रंग बदलला आणि त्याच विमानांतून त्याच मार्गांवर लोक पुन्हा जाऊ लागले. गो फर्स्टच्या बाबतीत कंपनी थांबली आणि आठवड्याभरात मोरेटोरियम लागला. मालकांनी अर्ज केले होते, पण दिवाळखोरी संहितेचं कलम १४ म्हणतं की कंपनीच्या ताब्यातली वस्तू कुणी उचलून नेऊ शकत नाही. ५४ विमानं जिथल्या तिथे अडकली. त्यातली जवळपास निम्मी आधीपासूनच प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या तुटवड्यामुळे जमिनीवर होती. बाकीचीही उभी राहून राहून खराब होऊ लागली. उभ्या विमानाचं इंजिन झाकून ठेवावं लागतं, ठरावीक दिवसांनी चालवून पाहावं लागतं, चाकं फिरवावी लागतात. हे झालं नाही की सुटे भाग गंजतात, आणि उभ्या विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावण्याचा मोहही होतो.

३ ऑक्टोबर २०२३ ला कंपनी व्यवहार मंत्रालयाने अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं या स्थगितीतून वगळली. तरीही वाद चालूच राहिला आणि २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी पाच कामाच्या दिवसांत रद्द करायला सांगितल्यावर विमानं सुटली. जवळजवळ एक वर्ष गेलं. त्यानंतर २०२५ मध्ये संसदेने केपटाऊन करारासाठी स्वतंत्र कायदाच केला.

याचा दुसरा परिणामही समजून घ्यायला हवा. विमानं लवकर परत जाणार म्हणजे बुडालेली कंपनी पुन्हा उडण्याची शक्यता आता जवळपास संपली. डीजीसीएने जुलै २०२३ मध्ये गो फर्स्टला १५ विमानं आणि रोज ११४ उड्डाणं यासाठी सशर्त मंजुरी दिली होती, तरी एकही उडालं नाही. म्हणून यापुढे 'कंपनी लवकरच पुन्हा सुरू होणार' असं कुणी म्हटलं तर परताव्यासाठी थांबून राहू नका.

तुमचे पैसे

हा भाग घाईने करायचा आहे, पण घाईत चुकाही इथेच होतात.

बंद पडलेली कंपनी सुरुवातीला 'तात्पुरती' बंद असते. गो फर्स्टने रद्द उड्डाणांची तारीख पुन्हा पुन्हा काही दिवसांनी पुढे ढकलली. कंपनी परताव्याऐवजी 'क्रेडिट शेल' देऊ करते, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी जमा रक्कम. घेऊ नका. क्रेडिट शेल घ्यायचं की पैसे, हे प्रवाशाने ठरवायचं असा डीजीसीएचा नियम आहे. बंद कंपनीची जमा रक्कम म्हणजे कागद.

कार्डाने पैसे भरले असतील तर सर्वात भक्कम वाट चार्जबॅकची. ती सरकारची योजना नाही, व्हिसा-मास्टरकार्ड यांच्या जाळ्याचा नियम आहे: पैसे घेतले आणि सेवा दिली नाही, तर कार्डधारकाची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत मागू शकते. क्रेडिट आणि डेबिट दोन्हीला चालतं. मोरेटोरियम विमान कंपनीला लागू होतो. चार्जबॅकचा भार पडतो तिच्या बँकेवर. म्हणून कंपनी दिवाळखोरीत असतानाही ही वाट उघडी राहते.

आधी ई-तिकीट, उड्डाण रद्द झाल्याचा एसएमएस किंवा ईमेल आणि व्यवहार दिसणारं बँकेचं विवरण एकत्र करा. उड्डाण रद्द झाल्याचा निरोप आला नसेल तर संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या. मग कंपनीला किंवा पोर्टलला परतावा मागणारा एक ईमेल पाठवा. उत्तर येणार नाही, पण 'आधी विक्रेत्याकडे मागितले होते का' असं बँक विचारते आणि तो ईमेल पुरावा ठरतो. त्यानंतर बँकेचा डिस्प्यूट अर्ज भरा. कारण निवडताना 'सेवा मिळाली नाही' हेच निवडा. घाबरून 'फसवणूक' निवडणारे खूप असतात. मग बँक कार्ड बंद करते, ओटीपी तुम्हीच दिलात हे तपासते आणि अर्ज फेटाळते. व्हिसाच्या नियमात मुदत साधारण १२० दिवसांची, आणि ती तिकीट काढल्याच्या नाही, प्रवासाच्या तारखेपासून मोजली जाते. बँकांच्या शाखेत हा फरक अनेकांना माहीत नसतो. 'तिकीट काढून सहा महिने झाले, आता होत नाही' असं उत्तर मिळालं तर लेखी मागा आणि वरच्या पातळीवर जा. तरी मुदतीच्या शेवटापर्यंत थांबू नका, बँकांच्या स्वतःच्या मुदती कमी असू शकतात.

काही बँका रक्कम तात्पुरती जमा करतात. ती अंतिम नसते, विक्रेत्याच्या बँकेने विरोध केला तर परत वजाही होते. ईएमआयवर तिकीट घेतलं असेल तर वाद चालू असतानाही हप्ते भरत राहा, नाहीतर व्याज आणि क्रेडिट स्कोअर दोन्हीचा फटका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

यूपीआय आणि नेट बँकिंगमध्ये ही ताकद नाही. अॅपमध्ये तक्रार नोंदवता येते, पण व्यवहार 'यशस्वी' असल्याने बहुतेकदा विक्रेत्याकडे बोट दाखवलं जातं. दोन महिन्यांनंतरच्या प्रवासाचं तिकीट काढताना म्हणून कार्ड वापरावं. शेदोनशे रुपयांचा सुविधा आकार वाचवायला चाळीस हजारांचं संरक्षण सोडण्यात अर्थ नाही.

पोर्टलवरून तिकीट काढलं असेल तर विवरणात नाव कोणाचं आहे ते पाहा. पोर्टलचं असेल तर डिस्प्यूट पोर्टलविरुद्ध जातो. 'विमान कंपनीकडून आले की देऊ' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तुमच्या बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एजंटाला रोख दिले असतील तर स्थिती अवघड. एजंटांनीही कमी दराच्या कंपन्यांकडे आगाऊ रक्कम भरून ठेवलेली असते आणि तीही बुडते. त्याच्याकडून निदान पावती आणि तिकिटाचा तपशील लेखी घ्या, दाव्यासाठी लागेल. टूर कंपनीकडून पूर्ण सहल घेतली असेल तर मात्र तुमचा करार सहलीचा आहे. विमानाची पर्यायी सोय करणं किंवा पैसे परत देणं ही तिची जबाबदारी आहे, असं लेखी कळवा.

दिवाळखोरी सुरू झाली की न्यायाधिकरणाने नेमलेला अधिकारी वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देतो, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं असतं. दावा कोणत्या नमुन्यात करायचा ते त्यातच लिहिलेलं असतं. सुरुवातीची मुदत त्याच्या नेमणुकीपासून १४ दिवस. उशिराचे दावेही ९० दिवसांपर्यंत, कारण सांगून, स्वीकारले जातात. दाव्याला पैसे लागत नाहीत, तेव्हा चार्जबॅक चालू असला तरी दावा टाकून ठेवा आणि रक्कम बँकेतून मिळाली की तसं कळवून मागे घ्या. एकच रक्कम दोनदा घेता येत नाही.

या दाव्यातून फार अपेक्षा ठेवू नका. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर संहितेच्या कलम ५३ मध्ये रांग ठरलेली आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी. तिकीटधारक त्यांच्याही मागे. गो फर्स्टवर सुमारे साडेअकरा हजार कोटींची देणी होती आणि विमानं तर भाड्याची. २० जानेवारी २०२५ ला तिच्या अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता विकायचा, आदेश झाला. जेटला सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ ला त्याच वाटेवर पाठवलं, बंद पडल्यानंतर साडेपाच वर्षांनी.

ग्राहक आयोगात जायचं असेल तर हे लक्षात घ्या: मोरेटोरियम असताना विमान कंपनीविरुद्धची तक्रार थांबते. पोर्टल, एजंट, टूर कंपनी किंवा बँक यांच्याविरुद्ध करता येते. राहत्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नवी मुंबईकरांसाठी ठाण्याचा अतिरिक्त जिल्हा आयोग बेलापूरच्या कोकण भवनात बसतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिवंत पोर्टल तिथे बरेचदा ऐकतात.

परदेशात अडकलात तर

इथे इतर देशांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये सहलीच्या प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जमा होतात. २३ सप्टेंबर २०१९ ला थॉमस कुक ही सहल कंपनी कोसळली तेव्हा तिथल्या नियामकाने भाड्याची विमानं उभी केली आणि दोन आठवड्यांत सुमारे १ लाख ४० हजार लोकांना, बहुतेकांना ठरल्या तारखांना, घरी आणलं. २०१७ मध्ये मोनार्क ही विमान कंपनी बुडाली तेव्हा परदेशात असलेले प्रवासीही असेच आणले. त्यातले बरेच या निधीच्या संरक्षणाबाहेरचे होते आणि खर्च सुमारे पाच कोटी पौंडांचा झाला.

जर्मनीने निराळा उपाय केला. ऑगस्ट २०१७ मध्ये एअर बर्लिनने दिवाळखोरी जाहीर केली त्याच दिवशी सरकारने १५ कोटी युरोंचं तात्पुरतं कर्ज जाहीर केलं, कंपनी वाचवायला नव्हे, तर सुट्टीचा हंगाम संपेपर्यंत विमानं उडती ठेवायला. ती २७ ऑक्टोबरपर्यंत उडाली. त्यानंतरच्या तारखांची आणि दिवाळखोरीआधी काढलेली तिकिटं मात्र तिथेही बुडाली. तरी हा मार्ग सर्वात स्वस्त आणि कमी गोंधळाचा वाटतो: अडकलेल्यांना गोळा करून आणण्यापेक्षा त्याच विमानाला दहा आठवडे इंधन घालणं सोपं. जेटला एप्रिलमध्ये मागितलेले ४०० कोटी कंपनी वाचवायला पुरले नसते हे खरं, पण सुट्टीतली तिकिटं काढलेल्यांना घरी पोचवायला त्यांचा उपयोग झाला असता. आपल्याकडे असा विचार करायला यंत्रणाच नाही.

भारतीय प्रवाशासाठी दूतावास कागदपत्रांची मदत करतो. अगदी निराधार अवस्थेतल्या लोकांसाठी दूतावासांकडे कल्याण निधी आहे, पण तो सर्वसाधारण पर्यटकाच्या नव्या तिकिटासाठी नाही. २०२० च्या वंदे भारत मोहिमेतही विमानं सरकारने लावली आणि भाडं प्रवाशांनी भरलं. तेव्हा परतीचं तिकीट स्वतः काढावं लागणार, हे धरून कार्डावर तेवढी मर्यादा मोकळी ठेवा. व्हिसाची मुदत संपत आली असेल तर आधी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात रद्द उड्डाणाचा पुरावा घेऊन जा. मुदत संपल्यावर जाणं महागात पडतं.

प्रवास विम्याच्या पुस्तिकेत 'वाहतूक कंपनीची दिवाळखोरी' हे शब्द शोधा. ते 'समाविष्ट' यादीत असतील तरच संरक्षण आहे. 'सहल रद्द' या शीर्षकाखाली आजारपण, मृत्यू, नैसर्गिक आपत्ती असं सगळं असतं आणि विमान कंपनी बुडणं बऱ्याचदा नसतं; काही पॉलिसींत ते स्पष्टपणे वगळलेलं असतं.

कर्मचाऱ्यांसाठी थोडं

जेटच्या सुमारे वीस हजार कर्मचाऱ्यांपैकी किती जण ऐरोली, घणसोली, ठाण्यात राहत होते याची मोजदाद कुणी केली नाही. बंद पडलेल्या कंपनीत नोकरी असेल तर दिवाळखोरी प्रक्रियेच्या अधिकाऱ्याकडे नमुना 'ड' मध्ये थकीत पगार, रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी यांचा दावा वेगवेगळ्या ओळींत टाका. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६ प्रमाणे कंपनीच्या वाटपाच्या मालमत्तेत धरलीच जात नाही, म्हणून ती पगाराच्या आकड्यात मिसळली की रांगेत मागे जाण्याचा धोका असतो. जेटच्या कर्मचाऱ्यांची ही देणी पूर्ण द्यायला लागू नयेत म्हणून कंपनी घेऊ पाहणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना नकार दिला. यूएएन पासबुकात, म्हणजे पीएफ खात्याच्या नोंदीत, शेवटच्या कोणत्या महिन्यापर्यंत कंपनीने पैसे भरलेत ते तपासून त्याची प्रत काढा, आणि मधले महिने रिकामे दिसले तर वागळे इस्टेट किंवा वाशीच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या. पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा कंपनीच्या संचालकांवर शेकणारा गुन्हा आहे. कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि रजेचा हिशेब स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. सर्व्हरचं भाडं थकलं की तोही एका संध्याकाळी बंद होतो.